इमारतींचे आणि डोंगरांचे फोटो : वाचकांचे प्रश्न

वास्तू आणि निसर्ग यांच्या छायाचित्रणावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्मीअधिक ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ अशी होती. ती बाजूला ठेवली आहेत, कारण गेल्या दहा वर्षांतला कुठलाही फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा या कामाला पुरतो. अडतं ते दुसरीकडेच.

नाशिकमध्ये लग्नांचे फोटो काढतो. आता इमारती आणि सह्याद्री यांकडे वळायचं आहे. यावर घर चालेल का? सुरुवात कुठून करू?

घर चालेल ते इमारतींवर. डोंगरांवर चालण्याची शक्यता कमी. निसर्गाच्या फोटोंना ठरलेला ग्राहक नसतो. रिसॉर्टच्या भिंतीसाठी मोठे प्रिंट, कंपन्यांची कॅलेंडरं, कार्यशाळा असे तुकडे जोडत बसावं लागतं. अमेरिकी निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्ससारख्या माणसानंही कित्येक वर्षं कंपन्यांची व्यावसायिक कामं करूनच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातलं आपलं छायाचित्रण सांभाळलं. इमारतीचं तसं नाही. काम पूर्ण झालं की आर्किटेक्टला, इंटिरियर डिझायनरला, बिल्डरला, हॉटेलवाल्याला फोटो लागतातच. फक्त प्रत्येकाची मागणी निराळी असते. बिल्डरला क्लबहाउस, पोहण्याचा तलाव आणि मोठ्ठं आकाश हवं असतं. आर्किटेक्टला जिन्याखालून येणारा उजेड, दोन साहित्यांचा सांधा आणि घर त्या उतारावर कसं बसलंय ते हवं असतं. कोणासाठी जातोय ते आधी विचारा आणि शक्य तर नकाशाही मागून घ्या.

पोर्टफोलिओत वीस इमारतींचा एकेक फोटो लावू नका. त्यावरून तुम्हाला चांगला क्षण गवसतो एवढंच कळतं, पूर्ण काम पेलता की नाही ते कळत नाही. तीन इमारती घ्या आणि प्रत्येकीचे बारा-पंधरा फोटो करा: रस्त्यावरून दिसणारी इमारत, दर्शनी भाग, प्रवेश, जिना, दोन खोल्या, साहित्याचे जवळून दोन-तीन आणि एक संध्याकाळचा. छायाचित्रकार ल्यूसियाँ हर्वे यांनी १९४९ साली फ्रान्समधल्या मार्सेयला जाऊन आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांच्या बांधकाम चालू असलेल्या एकाच इमारतीचे एका दिवसात सुमारे ६५० फोटो काढले आणि त्यांना पाठवून दिले. पुढे कॉर्बुझिए यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत, त्यांचं काम हर्वे यांच्याकडेच राहिलं. तुम्हाला सोपा रस्ता म्हणजे गावातल्या नवख्या आर्किटेक्टचं पहिलं घर. त्याच्याकडे फोटोंना पैसे नसतात, तुमच्याकडे दाखवायला काम नसतं. पहिलं घर खर्चापुरत्या पैशांत करा, पण करार लेखी ठेवा.

लग्नांतल्या सवयींपैकी वेळेवर फोटो देणं आणि माणसं सांभाळणं ठेवा. एफ/१.८ चा (लेन्सचं छिद्र मोठं उघडून येणारा) धूसर मागचा भाग, वाकडी चौकट आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश विसरा.

इमारतीच्या भिंती वर जाताना आत झुकलेल्या दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये सरळ केल्या तर पुरेसं आहे, की टिल्ट-शिफ्ट लेन्स घ्यावीच लागेल? (पुणे)

भिंती झुकतात त्या लेन्समुळे नाही. कॅमेरा वर उचलल्यामुळे सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, म्हणून त्या झुकतात. कॅमेरा पाणसळीत धरला की भिंती आपोआप उभ्या राहतात, फक्त वरचा मजला कापला जातो आणि खाली नको तेवढा रस्ता येतो. शिफ्ट लेन्स हेच सोडवते. कॅमेरा सरळ ठेवून लेन्स तेवढी वर सरकते, १७ आणि २४ मिमीच्या प्रचलित लेन्सांत १२ मिमीपर्यंत.

ती नसेल तर तीन वाटा आहेत. मागे जा. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चढा. ही आमची सगळ्यात आवडती वाट, कारण त्या उंचीवरून इमारतीची प्रमाणं खरी वाटतात. किंवा कॅमेरा सरळच ठेवून रुंद लेन्स लावा, उभी चौकट घ्या आणि खालचा रस्ता नंतर कापून टाका. ४५ मेगापिक्सेलमधला तिसरा भाग गेला तरी तीस उरतात. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करण्याची वाट शेवटची. त्यात वरचा भाग ताणला जातो आणि नेमका तिथलाच तपशील मऊ पडतो, शिवाय कडा कापल्या जाऊन कळस किंवा पाण्याची टाकी चौकटीबाहेर जाते. थोडा कल असेल तर हरकत नाही, पण तेव्हा काढतानाच चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवा.

महिन्याला दोन-तीन कामं नियमित येऊ लागली की २४ मिमीची शिफ्ट लेन्स घ्या. तोपर्यंत भाड्यानं आणा. आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर ती लावणार असाल तर एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) शिफ्ट करण्याआधी मोजून मॅन्युअलवर ठेवा. शिफ्ट केल्यावर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो. पूर्ण १२ मिमी सरकवलं की वरचे कोपरे काळपट आणि थोडे मऊ होतात, म्हणून १० च्या आत राहा. टिल्ट (लेन्स तिरकी करणं) आणि फिरण्याचे स्क्रू घट्ट शून्यावर आहेत ना, हे दर वेळी पाहा. ‘लेन्स खराब आली’ या तक्रारीत बऱ्याचदा टिल्ट अर्धा अंश सरकलेला असतो.

बंगल्याचा दर्शनी भाग बरोबर उत्तरेला आहे. डिसेंबरमध्ये दोनदा गेलो, दोन्ही वेळा भिंत सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक. काय चुकलं? (सातारा)

महिना चुकला. आपल्याकडे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. त्या सहा महिन्यांत बरोबर उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. डिसेंबरमध्ये तिथे कितीही वेळा गेलात तरी सावलीच मिळेल.

पण महाराष्ट्राला एक सोय आहे, ती दिल्लीकरांना नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारीही उत्तरेकडेच असतो. २१ जूनला तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो. जून-जुलै पावसाचे, म्हणून कामाचा महिना उरतो मे. सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उत्तरेच्या भिंतीवर अगदी तिरपं, भिंत घासून जाणारं ऊन येतं. दगडावरचे छिन्नीचे घाव, विटांमधले सांधे, लाकडी जाळी, सगळं त्यात उठून दिसतं. गिलावा खडबडीत झालेला असेल तर तोही दिसतो, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

मेपर्यंत थांबता येत नसेल तर ऊन विसरा आणि संध्याकाळ धरा. सूर्य मावळल्यावर साधारण १५ ते २५ मिनिटांच्या दरम्यान आकाशाचा आणि आतल्या दिव्यांचा उजेड समान होतो. आपल्या अक्षांशावर हा वेळ फार थोडा असतो, दहा मिनिटांत संपतो. म्हणून अर्धा तास आधी ट्रायपॉड लावून चौकट कायम करा, घरातले सगळे दिवे लावून घ्या, पडदे उघडा, अंगणातली गाडी हलवा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८, सुरुवातीला एक सेकंद, मग दर दोन मिनिटांनी एक फोटो. शेवटचे दहा-पंधरा सेकंदांचे होतील. आकाश आणि खिडक्या दोन्ही जपणारा फोटो मधलाच कुठला तरी निघतो.

दिशेचा हिशोब कसा चालतो ते पाहायचं असेल तर मुंबईच्या ओव्हल मैदानावर एक दिवस काढा. पूर्वेच्या कडेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेच्या कडेला आर्ट डेको इमारती. हा सगळा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. मैदानाकडे तोंड करून उभ्या आर्ट डेको इमारतींवर ऊन सकाळचं, राजाबाई टॉवरवर दुपारनंतरचं. मध्ये उभं राहून फक्त पाठ फिरवायची.

इंटिरियरच्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात, आणि एका खोलीत तीन रंगांचा उजेड दिसतो. (ठाणे)

पट्टे स्वस्त एलईडीच्या लुकलुकण्याचे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. मेकॅनिकल शटर वापरा आणि शटरची वेळ १/१००, १/५० सेकंद किंवा त्याहून मोठी ठेवा. ट्रायपॉडवर तसंही अर्धा सेकंद लागतोच, पट्टे आपोआप जातात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर मात्र बंद करा, गोंधळ बहुधा त्यानंच होतो.

रंगांचं कारण असं: छतातले दिवे ३००० केल्विनचे पिवळे, स्वयंपाकघरात ६५०० चा पांढरा, आणि खिडकीतून सावलीतला निळसर उजेड. कॅमेऱ्याला एकच व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) देता येतो, त्यामुळे उरलेले दोन खोटे दिसतात. दिवसा फोटो काढायचा असेल तर आधी सगळे दिवे बंद करून एक काढा. निम्म्या घरांत तोच सर्वांत चांगला निघतो, आणि डिझायनरला मात्र आपले दिवे दाखवायचे असतात! मग त्याच चौकटीत दिवे लावून दुसरा काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यातला फक्त दिव्यांपाशी पडणारा उजेड घ्या. खिडकीबाहेरच्या दृश्यासाठी दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं पाच एक्स्पोजर काढा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ती हातानं, थर लावून जोडा. बटण दाबून आपोआप जोडलेल्या एचडीआर फोटोत पांढऱ्या भिंती राखाडी पडतात आणि खिडकीभोवती कडं उमटतं.

कॅमेऱ्याची उंची मीटर ते सव्वा मीटर. स्वयंपाकघरात थोडी जास्त, ओट्याचा पृष्ठभाग जेमतेम दिसेल इतकी. लेन्स २४ ते ३५ मिमी. १४ मिमीनं दहा बाय बाराची खोली सभागृहाएवढी दिसते आणि ग्राहकाकडे पाहायला आलेली माणसं नंतर फसवल्याचं म्हणतात.

माझे फोटो आर्किटेक्टनं टाइल्सच्या कंपनीला दिले आणि त्यांच्या जाहिरातीत आले. मला एक पैसा मिळाला नाही. हक्क माझाच ना? (कोल्हापूर)

बहुधा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला, आणि उलट करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. छायाचित्रकारांत याबद्दल फार गैरसमज आहे, परदेशी व्हिडिओ पाहून तो वाढतो. उपाय कामाआधीच करायचा असतो: कोटेशनमध्ये एक ओळ लिहा की स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहील आणि ग्राहकाला अमुक वापराचा परवाना मिळेल. वापर नावानिशी लिहा: स्वतःची वेबसाइट, समाजमाध्यमं, स्पर्धा, मासिकं. ‘त्रयस्थ व्यक्तीला देता येणार नाही’ हेही लिहा. त्यावर ग्राहकाची सही किंवा निदान ईमेलवर होकार घ्या.

उलट, तुमच्याकडचा हक्क कोणी लिहून मागत असेल तर मुदत आणि प्रदेश वाचा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहिलं असेल तर दर त्या हिशोबानं लावा.

एक दिलासा: इमारतीचा फोटो काढून छापल्यानं आर्किटेक्टच्या हक्काचा भंग होत नाही, कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. खासगी आवारात शिरायला मात्र परवानगी लागतेच.

टाइल्सवाले, दिवेवाले, फर्निचरवाले यांना फोटो हवे असतील तर आधीच एकत्र आणा. समजा शूटचा दर एकट्याला ४०,००० आहे. तिघे असतील तर एकूण ६०,००० करा आणि प्रत्येकी २०,००० घ्या. त्यांना स्वस्त पडतं, तुम्हाला दीडपट मिळतात आणि नंतरची चोरी टळते.

दिवसाचा दर कसा ठरवायचा? (छत्रपती संभाजीनगर)

दुसऱ्याचा दर विचारून नव्हे. उदाहरणादाखल: सहा लाखांचं साहित्य पाच वर्षांत विभागलं तर वर्षाला १,२०,०००. प्रवास, विमा, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, मदतनीस मिळून २,४०,०००. घरखर्च ६,००,०००. बेरीज ९,६०,०००. वर्षाला पैसे मिळणारे शूटचे दिवस ६० धरले तर दिवसाला १६,००० ही तुमची ना नफा-ना तोटा पातळी, दर तिच्यावर. साठ दिवस कमी वाटतात, पण एका दिवसाच्या शूटमागे दीड ते दोन दिवस संगणकावर जातात आणि एक फेरी आधी साइट पाहायला. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले मोठ्या आकाराच्या फाइली देण्याआधी. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, म्हणजे बिलावर १८ टक्के. कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ लिहायला विसरू नका.

कास पठारावर जवळचं फूल आणि मागचे ढग दोन्ही स्पष्ट येत नाहीत. एफ/२२ लावूनही नाही. (सांगली)

एफ/२२ वर लेन्सचं छिद्र अगदी लहान होतं, प्रकाश त्याच्या पात्यांच्या कडांवर विखुरतो आणि सगळंच मऊ होतं. एफ/८ किंवा ११ वर राहा. फुलफ्रेमवर १६ मिमी आणि एफ/८ ला साधारण १.१ मीटरवर फोकस केलं तर अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत चालतं. २४ मिमीला हेच अंतर २.४ मीटर आणि पुढची हद्द १.२ मीटर. फूल त्याहून जवळ, वीतभर अंतरावर असेल तर एका फोटोत ते होणारच नाही. फोकस पुढे सरकवत चार-सहा फोटो काढून जोडा. पण कासवर वारा असतो आणि हललेली फुलं जोडताना दुहेरी दिसतात. म्हणून फुलांचा फोटो आयएसओ ८०० आणि १/२५० नं, वाऱ्याची झुळूक थांबेल तेव्हा काढा, मागच्या दृश्याचे सावकाश.

आखलेल्या वाटेवरूनच काढा, कुंपणापलीकडे आडवं पडून नाही. हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी लागते. गर्दी टाळायला मधल्या वारी जा.

पावसात सह्याद्रीत गेलो की लेन्सवर वाफ धरते. शिवाय जुन्या लेन्समध्ये बुरशी दिसू लागली आहे. (डोंबिवली)

वाफ गाडीतल्या एसीची देणगी. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की थेंब धरतात. पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, काचा उघडा, बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेर राहू द्या. पुसत बसून उपयोग नाही, पुन्हा धरते. धुक्यात लेन्स बदलू नका.

बुरशीचं कारण घरातलं कपाट. हवेत ६५ टक्क्यांवर दमटपणा आठवडेच्या आठवडे राहिला की ती वाढते, आणि कातडी पिशवीत लवकर वाढते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० वर हवा. ३५ खाली नको, रबर आणि वंगण कोरडं पडतं. निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरता येते. बुरशी धरलेली लेन्स चांगल्या लेन्सांसोबत एका डब्यात ठेवू नका.

फोटोबद्दल एवढंच: धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर सगळं राखाडी करतो, पाऊण ते एक स्टॉप वाढवा. ओल्या पानांवरची चमक पोलरायझर फिल्टरनं जाते आणि हिरवा रंग गडद होतो, दीड स्टॉप उजेडाच्या बदल्यात. धबधब्यांना १/४ ते १ सेकंद ठीक, पण नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याला नाही. तिथे वाऱ्यानं वर उडणारं पाणी लांब एक्स्पोजरमध्ये नुसतं पांढरं फराटं होतं. १/२५० लावा, थेंब वर जाताना दिसतात.

वेरूळला ट्रायपॉड चालतो का? आणि कैलास लेण्याला वेळ कोणती? (जालना)

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकात हातात धरून साधे फोटो काढता येतात. ट्रायपॉड किंवा दिवे लावायचे तर त्या मंडळाच्या अधीक्षकांकडे आधी लेखी अर्ज करावा लागतो. शुल्क आणि अटी तिथेच विचारा. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश बंदच. तिथे एफ/१.८ ची ३५ मिमी, आयएसओ ३२०० आणि स्थिर हात. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख, म्हणून सकाळी दर्शनी भाग सावलीत. कैलासची गोष्ट जास्त अवघड, कारण मंदिर खोदलेल्या खोल खड्ड्यात आहे. डिसेंबरमध्ये सूर्य भर दुपारीही ४६-४७ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे दक्षिणेकडच्या उभ्या कड्याची सावली अंगणात लांबवर येते. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये दुपारी तीन ते पाच हा वेळ बरा. सावली आणि ऊन यांत इतका फरक असतो की आकाश चौकटीत न घेता आतल्या आत बांधणी करणं शहाणपणाचं.

बिल्डर ड्रोनचे फोटो मागतो. परवाना लागतो? (वसई)

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो उडवायला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरचा, दोन किलोपर्यंतचा, पैसे घेऊन उडवायचा तर लागतं. सरकारी नकाशात आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल विभाग केलेले असतात. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. त्याच्या आत किंवा लाल-पिवळ्या विभागात परवानगीशिवाय नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हा नकाशा उड्डाणाच्या दिवशीच पाहा, रंग बदलतात. मुंबई परिसरात पोलिसही वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात.

पण बिल्डरला विचारा, शंभर फुटांवरून काय दिसायला हवंय? बहुतेक इमारती आठ-दहा मीटर उंचीवरून सर्वांत चांगल्या दिसतात, आणि तेवढी उंची शेजारच्या गच्चीवर मिळते.

फोटोतलं आकाश बदललं, एसीची बाहेरची पेटी आणि वायरी काढल्या, तर चालतं का? (रत्नागिरी)

तात्पुरत्या गोष्टी काढा: उभी गाडी, वाळत घातलेले कपडे, कचऱ्याची बादली. त्या शक्यतो हातानंच हलवा, स्वस्त पडतं. कायमच्या गोष्टी, म्हणजे विजेचा खांब, शेजारची इमारत, एसीची पेटी, काढू नका. ग्राहक हट्ट धरत असेल तर ‘बदललेला’ अशी वेगळी फाइल द्या. स्पर्धेला आणि मासिकाला मूळचीच जाऊ द्या. परीक्षक इमारत पाहायला आला की खांब तिथेच असतो. आकाश बदलल्याचं तर सहज पकडलं जातं: भिंतीवरची सावली एका बाजूनं, ढगांवरचा उजेड दुसऱ्या बाजूनं.